मध्ये एक रात्र

हेर : साहेब

"हजर, कॉम्रेड ओबर्स्ट!" म्हणत क्रेशमार ताडकन उभा राहिला आणि सगळा वर्ग हसला.

ओबर्स्ट म्हणजे कर्नल. पश्चिम जर्मनीच्या सैन्यात त्यांना 'हेर ओबर्स्ट' म्हणायचं, म्हणजे कर्नलसाहेब. 'कॉम्रेड ओबर्स्ट' म्हणायचे ते पलीकडे, पूर्वेच्या सैन्यात. आदल्या वर्षी दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि ते सैन्य बरखास्त झालं. उवे क्रेशमार त्या सैन्यात कॅप्टन होता. नव्या सैन्यानं त्याला एक पायरी खाली उतरवून दोन वर्षांच्या बोलीवर घेतलं होतं. पुढे ठेवायचं की घरी पाठवायचं, ते या अभ्यासक्रमाच्या शेवटी ठरणार होतं. ठरवणारा शेरा लिहिणार होते ओबर्स्ट टीमान, तेच, ज्यांना तो आत्ता कॉम्रेड म्हणाला होता.

मी क्रेशमारच्या शेजारच्या बाकावर होतो. कॅप्टन रवळनाथ देसाई, भारतीय सैन्यानं पाठवलेला पाहुणा. गाव चंदगडकडचं, जर्मन शिकलो पचमढीला, लष्कराच्या भाषाशाळेत, आणि १९९१ च्या त्या थंड ऑक्टोबरात उत्तर जर्मनीतल्या एका अधिकारी शाळेत बसून मी या देशातल्या अधिकारी शाळांचाच इतिहास ऐकत होतो.

टीमान तो इतिहास असा सांगायचे की पेन हातातच राहायचं. नेपोलियननं प्रशियाची धूळधाण केली तिथून ते सुरुवात करायचे. तोवर अधिकारी व्हायला घराणं लागायचं. हरल्यावर राजानं फर्मान काढलं, की यापुढे शांततेच्या काळात ज्ञान आणि युद्धात शौर्य, एवढंच बघितलं जाईल. मग शाळा निघाल्या. त्यांतून जगानं नक्कल करावी असे सेनाधिकारी निघाले. मग पहिलं महायुद्ध, मग दुसरं.

"आमच्या या शाळा दोनदा बंद पडल्या," ते म्हणाले. "दोन्ही वेळा जेत्यांनी बंद केल्या. विद्यार्थी कच्चे होते म्हणून का? नाही. सगळे उत्तम गुणांनी पास झालेले होते. सांगितलेलं सगळं त्यांनी केलं होतं." ते थांबले. "सगळं."

दुसऱ्या कुठल्या सैन्यानं स्वतःबद्दल हे असं, खडूनं फळ्यावर लिहून शिकवलं असतं, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "हेर क्रेशमार, तुम्ही पलीकडच्या अधिकारी शाळेतून आलात. तिचा इतिहास सांगा."

आणि क्रेशमार तसा उभा राहिला, आणि वर्ग तसा हसला.

हसू ओसरायला हवं होतं. टीमान बोलले म्हणून ते वाढलं.

"राहू द्या, बसा. हुकूम झाला की शेपूट हलवायचं, एवढंच कुत्र्यांना शिकवतात. त्या जागेला आपण शाळा म्हणत नाही."

वर्ग पुन्हा हसला. क्रेशमार बसला नाही. तास संपेपर्यंत उभाच होता. टीमाननी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही.

बेश्वेर्डे : तक्रार

"देसाई, माझ्याबरोबर चला."

"कुठं?"

"ओबर्स्टकडे. तक्रार करायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"ओबर्स्टविरुद्ध."

"ओबर्स्टविरुद्धची तक्रार ओबर्स्टकडेच?"

"करता येते. पहिल्या आठवड्यात शिकवलंय. तुम्ही झोपला होतात."

"झोपलो नव्हतो. मला 'बेश्वेर्डे' शब्द माहीत नव्हता. मग पुढं काय करायचं असतं?"

"पुढचं मी ऐकलं नाही. पहिलंच वाक्य खरं वाटेना."

"आणि मी कशाला?"

"तुम्ही इकडचेही नाही, तिकडचेही नाही. मी एकटा गेलो तर आत काय झालं ते फक्त तेच सांगतील."

"अहो, माझ्याबद्दलही शेरा तेच लिहिणार आहेत. तो दिल्लीला जातो."

"माझा कुठे जाणार, माहीत आहे?" क्रेशमार म्हणाला. "झिल्केकडे, माझ्या बायकोकडे. ती कामाला होती ती कापडगिरणी उन्हाळ्यात बंद झाली. पोरींना सांगून ठेवलंय, बाबाला पश्चिमेचा गणवेश मिळाला. थोरली शाळेत सगळ्यांना सांगते."

"मग तर अजिबात जाऊ नका."

"खरंय," तो म्हणाला आणि चालू लागला. मी मागोमाग गेलो. का गेलो, हे मला आजही नीट सांगता येत नाही. हसलेल्यांत मी नव्हतो, पण हसू दाबणाऱ्यांत होतो, एवढं आठवतं.

टीमान खोलीत एकटे होते. रोजचा चट्ट्यापट्ट्यांचा मैदानी गणवेश, टेबलावर कॉफी. क्रेशमारनं सलाम केला आणि या वेळी शब्द तोलून उच्चारला.

"हेर ओबर्स्ट, मला तक्रार करायची आहे."

"कोणाविरुद्ध?"

"आपल्याविरुद्ध."

टीमानांचं कपाळ लाल झालं. ते उठले, माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आज नाही. मध्ये एक रात्र जाऊ द्या. उद्या या."

त्यांनी स्वतः दार उघडून धरलं. आणखी एक शब्द नाही. जेवायला बसताना पाट का घेतात हे घरातलं कोणी समजावून सांगत नाही, तसं त्यांना त्या वाक्याचं होतं. पण आम्ही दोघं त्या घरातले नव्हतो.

मॉर्गेन : उद्या

'उद्या या' म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. वडिलांची शेवटची दोन वर्षं तहसील कचेरीत 'उद्या या' ऐकण्यात गेली. ते हवालदार होते, वेळेआधी पोचायचे, आणि खिडकीतला माणूस वर न बघता तेवढंच म्हणायचा. तेव्हा मला वाटलं, चला, जर्मनीतही कचेरी ती कचेरीच. मला थोडं बरंही वाटलं.

क्रेशमारला मात्र वेगळंच ऐकू आलं होतं.

खोलीत येऊन त्यानं पलंगाखालून बॅग ओढली आणि सदरे घड्या घालून आत ठेवू लागला. त्याच्या घड्या बघण्यासारख्या असत, कोपऱ्याला कोपरा.

"हे काय चाललंय?"

"मी जातो. सकाळी राजीनामा देतो आणि निघतो."

"एवढ्यावरून? टाळलं त्यांनी. उद्या पुन्हा टाळतील. परवा तुम्ही विसराल. असंच असतं."

"तुमच्याकडे असेल." त्यानं बॅगेत मोजे कोंबले. "आमच्या शाळेत माझ्या शेजारच्या पलंगावर फाल्क होता. फाल्क आणि मी एकाच गावचे. एकदा सरावात एका मेजरनं त्याला बुटानं मारलं. मी राजकीय अधिकाऱ्याकडे गेलो, पक्षानं पलटणीत नेमलेला असायचा तो. चांगला माणूस. मला खुर्ची दिली. खांद्यावर हात ठेवला. पक्षात सगळे एकमेकांना 'तू' म्हणायचे, तसा म्हणाला, 'उवे, तू तापला आहेस. मध्ये एक रात्र जाऊ दे. उद्या ये.'"

"मग?"

"सकाळी उठलो तर फाल्कच्या पलंगावर गादी गुंडाळून ठेवलेली. कपाट रिकामं. कुणी विचारलं नाही. मीही नाही."

मी त्याच्या पलंगाच्या कडेला बसलो. तो बोलत राहिला.

"तेच वाक्य, देसाई. शब्दाला शब्द. फक्त 'तू'च्या जागी 'तुम्ही'. मला वाटलं होतं, निदान वाक्यं तरी निराळी असतील."

"पण झिल्केला काय सांगणार?"

"सांगेन, मीच सोडलं. हाकलून दिलेला नवरा बघण्यापेक्षा ते बरं." मग तो एकदम हसला. "सकाळी एक काम करा. माझी ट्राबांट, आमच्या पूर्वेची ती गाडी, थंडीत सुरू होत नाही. पश्चिमेत येऊनही तिनं सवय सोडलेली नाही. कचेरीच्या इमारतीसमोर उभी आहे. धक्का मारायला या."

"भारताच्या कॅप्टननं ट्राबांट ढकलायची?"

"तुमचा शेरा सुधारेल. लिहितील, सहकार्याची वृत्ती."

नाख्ट : रात्र

 

 

 

मॉर्गेन : सकाळ

जर्मन भाषेत उद्याला आणि सकाळला एकच शब्द आहे. पचमढीला मला हे चुकीचं वाटायचं, दोन वस्तू, दोन नावं हवीत.

उजाडलं होतं. गवतावर दहिवर पांढरं गोठलेलं. क्रेशमार बॅग घेऊन पुढे, मी हातमोजे घालत मागे. ट्राबांटच्या काचेवरचं बर्फ खरवडून मग कचेरीत जायचं आणि राजीनामा द्यायचा, असं ठरलं होतं. कोपऱ्यावरून वळलो आणि क्रेशमार थांबला. मी त्याच्या पाठीवर आदळलो.

कचेरीच्या पायऱ्यांवर ओबर्स्ट टीमान उभे होते.

राखाडी समारंभी गणवेश, टाय, डोक्यावर टोपी, बूट असे की त्यात आकाश दिसावं. इतक्या सकाळी त्या इमारतीत सफाईवाल्याखेरीज कोणी नसायचं. ते किती वेळ उभे होते कोण जाणे, पण मिशांवर ओल जमली होती.

"हेर क्रेशमार," ते म्हणाले, "रात्र संपली. आता मी तुमची तक्रार घेऊ शकतो."

क्रेशमारनं बॅग खाली ठेवली नाही. "मी राजीनामा द्यायला आलोय, हेर ओबर्स्ट."

"राजीनामा केव्हाही घेईन. त्याला रात्र लागत नाही. आधी तक्रार."

"रात्र लागत नाही म्हणजे?"

टीमान त्याच्याकडे बघत राहिले. पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं की काल आपण काय बोललो ते या माणसाला कळलेलंच नाही. ते दोन पायऱ्या उतरून खाली आले.

"तुम्हाला नियम सांगितला नाही?"

"सांगितला असेल. मी पुढचं ऐकलं नाही."

"फार जुना नियम आहे. आमच्या आजोबांच्या सैन्यातही होता. सैनिकानं रागाच्या भरात तक्रार करायची नाही. मध्ये एक रात्र गेली पाहिजे. त्याआधी मी ती घेतली, तर ती तक्रारच ठरत नाही. काल मी घेतली असती तर तुमची बाजू मी तिथंच बुडवली असती."

क्रेशमारनं बॅग दुसऱ्या हातात घेतली.

"आणि वरिष्ठालाही तेच," टीमान म्हणाले. "काल तुम्ही माझ्या तोंडावर ठोसा मारला असतात, तरी काल मला तुम्हाला शिक्षा देता आली नसती."

"शिक्षेलासुद्धा?"

"शिक्षेलासुद्धा रात्र लागते."

क्रेशमारच्या हातातली बॅग हळूहळू खाली गेली. त्यानं ती ठेवली नाही, ती गेली. तो तोंडातल्या तोंडात तेच पुन्हा म्हणत होता, शिक्षेलासुद्धा, शिक्षेलासुद्धा, एखादं न सुटणारं गणित घोकावं तसं.

मी दहा वर्षं गणवेशात काढली होती. हुकूम कसा द्यायचा, कसा पाळायचा, हे मी पोरांना शिकवलं होतं. पण एखाद्या सैन्यानं हुकूम देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये मुद्दाम, कायद्यानं, एक आख्खी रात्र आणून ठेवावी, आणि ती दोघांनाही सारखीच ओलांडावी लागावी, हे माझ्या कल्पनेतही नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी सावधान उभा होतो.

आत खोलीत टीमान टेबलामागे बसले नाहीत. उभ्यानंच कागद घेतला. "तोंडी तक्रार आहे. मी लिहून घेतो, तुम्ही वाचून सही करा. बोला. मी काय म्हणालो?"

"आपण आमच्या शाळेबद्दल..." क्रेशमारनं घसा खाकरला. "आपण कठोर बोललात."

"नाही. मी असं काही म्हणालो नाही. नेमके शब्द सांगा."

"आपण म्हणालात, त्या जागेला आपण शाळा म्हणत नाही."

"त्याच्या आधी."

"हुकूम झाला की..." तो थांबला. तो शब्द त्याच्या तोंडातून निघेना. आपल्याला म्हटलेला शब्द आपणच, म्हणणाऱ्यासमोर उच्चारायचा. मला वाटलं, आता हा बॅग उचलतो आणि जातो.

टीमाननी वाट पाहिली. मग म्हणाले, "'हुकूम झाला की शेपूट हलवायचं, एवढंच कुत्र्यांना शिकवतात.' असं मी म्हणालो. सर्वांसमोर म्हणालो. बरोबर?"

"बरोबर, हेर ओबर्स्ट."

"कुत्रे. अनेकवचनी. लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. सुंदर, तिरक्या, जुन्या वळणाच्या अक्षरात. मग सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, एकही शब्द न गिळता. त्या खोलीत मी दोन माणसं पाहत होतो, त्यांतला एक स्वतःविरुद्धचा आरोप दुसऱ्याला नीट मांडून देत होता. आणि दुसरा, इतका वेळ वाकलेला, एकेका ओळीबरोबर सरळ होत होता.

"सही करा. हा कागद आज दुपारी जनरलसाहेबांकडे जाईल. निकाल लागेपर्यंत मला तुमच्याबद्दल शेरा लिहिता येणार नाही, ते काम दुसऱ्या कोणाकडे जाईल. आता राजीनाम्याचं बोला."

क्रेशमारनं सही केली. "तो विचार मी थोडा पुढे ढकलतो, हेर ओबर्स्ट."

"आणि ही बॅग?"

"ही..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कॅप्टन देसाईंना माझी गाडी ढकलून बघायची होती."

टीमान माझ्याकडे वळले. मी गंभीरपणे मान हलवली. शेरा दिल्लीला जाणार होता.

रेश्ट : रास्त

निकाल नोव्हेंबरात आला. टीमाननीच तो वर्गात वाचला. जे महिन्यापूर्वी हसले होते ते सगळे समोर होते. "तक्रार रास्त आहे," त्यांनी वाचलं. "ओबर्स्ट टीमान यांनी एका अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठेला धक्का लावला. त्यांना समज देण्यात येत आहे." घडी घातली, खिशात ठेवली, आणि म्हणाले, "आता गेल्या वेळचा राहिलेला भाग. हेर क्रेशमार, पुढे या."

ते स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर बसले.

क्रेशमारनं फळ्यासमोर जाऊन खडू उचलला. मग त्यानं आपल्या शाळेचा इतिहास सांगायला सुरुवात केली. इमारतींपासून, गाण्यांपासून, सरावांपासून. चांगलं होतं तेही सांगितलं, तिथं त्याला नकाशा वाचायला शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या कॅप्टनबद्दल तर तो भरभरून बोलला. मग फाल्कच्या गादीपाशी आला. तिथं त्यानं खडू खाली ठेवला. कोणी हसलं नाही, कोणी खोकलंही नाही. त्या तासाला काय शिकवलं गेलं त्याची परीक्षा कधी झाली नाही.

डू : तू

शेवटच्या दिवशी दुपारी मेसमध्ये बिअर होती. क्रेशमारला ठेवून घेतल्याचं सकाळीच कळलं होतं. त्यानं झिल्केला फोन लावला होता आणि परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण तो म्हणाला की थंडीमुळे. टीमान पुढच्या वर्षी कर्नल म्हणूनच निवृत्त होणार, जनरल होणार नाहीत, हेही त्याच दिवशी कानावर आलं. त्या तक्रारीमुळे का, ते मला माहीत नाही. क्रेशमारला मात्र तसंच वाटलं.

तो ग्लास घेऊन त्यांच्यापाशी गेला. मी त्याच्या शेजारी होतो.

"हेर ओबर्स्ट, मी त्या सकाळी तक्रार केलीच नसती तर..."

"तर तुम्हाला ठेवू नये, असं मी लिहिलं असतं," टीमान म्हणाले.

क्रेशमारचा ग्लास मध्येच थांबला. "मला? चूक तर आपली होती."

"चूक माझीच होती. पण स्वतःसाठी ज्याला माझ्यासमोर उभं राहता येत नाही, त्याच्या हाती मी शंभर पोरं कशी सोपवू? तुम्ही त्या सकाळी बॅग घेऊन माझ्यासमोरून निघून गेला असतात, तर मी तसं लिहिलं असतं, आणि मग आयुष्यभर मला झोप लागली नसती. लिहिलं मात्र असतं."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. या माणसाचा न्याय मायेपेक्षा मोठा होता, आणि त्याच्याजवळ उभं राहायला थोडी भीती वाटत होती, उंच बुरुजाच्या कडेशी वाटते तशी.

मग टीमाननी टाचा जुळवल्या, ग्लास डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला.

"हार्टविग," ते म्हणाले.

आपल्या वाचकाला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्याकडेही 'तू' आणि 'तुम्ही' आहे. तिथं वयानं, हुद्द्यानं मोठा माणूस असं आपलं पाळण्यातलं नाव सांगून हात पुढे करतो, तेव्हा तो म्हणत असतो की यापुढे मला 'तू' म्हण. हा मान आयुष्यात दोन-चार वेळा मिळतो. तो कोणी नाकारत नाही. आजूबाजूचं बोलणं थांबलं होतं.

क्रेशमारनं त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी धरला.

"नको, हेर ओबर्स्ट," तो म्हणाला. "'तुम्ही'च राहू द्या."

टीमानांच्या भुवया वर गेल्या.

"उद्या मला पुन्हा तुमच्याविरुद्ध तक्रार करावी लागली तर? 'तू'विरुद्ध मला ती करता येणार नाही."

जनरलसमोर उभे राहावेत तसे टीमान त्या एक पायरी उतरवलेल्या कॅप्टनसमोर ताठ झाले, आणि म्हणाले,

"जसं तुम्ही म्हणाल, हेर क्रेशमार."